दोन गुंठे माळव्यासाठी



लागण, खतांच्या मात्रा, तोडणीचा कार्यक्रम, उतारा आणि दर या विषयांवर पत्रिकेत नेहमी लिहिले जाते, आणि ते लिहिले गेलेच पाहिजे. आज मात्र आम्ही उसाने ज्याची जागा घेतली त्याबद्दल लिहिणार आहोत. ते म्हणजे घरामागचं परडं आणि त्यातलं माळवं. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्रत्येक सभासदाने घराजवळचे किंवा विहिरीजवळचे दोन गुंठे रान घरच्या भाजीपाल्यासाठी राखावे, तिथे उसाचे एक टिपरूही लावू नये, आणि त्या दोन गुंठ्यांवर काय पिकवायचे, काय शिजवायचे व काय विकायचे हे घरातल्या बाईने ठरवावे.

हे वाचून काही सभासद हसतील. "एकराला पन्नास टन काढायचं सांगा, कोथिंबिरीचं काय सांगता?" असे म्हणतील. त्यांना आमची एवढीच विनंती की लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग आपल्या घरच्या कारभारणीला वाचून दाखवावा.

उंबऱ्यापर्यंत ऊस

नदीकाठच्या आपल्या गावांत पाणी आले, उपसा योजना झाल्या, आणि जोंधळा, भुईमूग, तूर, मिरची यांच्या जागी ऊस आला. त्याने आपली पोरं शिकली, घरं पक्की झाली, मुलींची लग्ने झाली. ते उपकार कुणी नाकारत नाही. पण ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. आपण मात्र ऊस उंबऱ्यापर्यंत आणला. वस्तीवर जावे तर तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला रस्ता. शेवग्याचे झाड सावली पडते म्हणून तोडले, आडाजवळची केळी काढली, कढीपत्ता गेला. एक सरी वाढली.

पूर्वी उसाच्या रानातसुद्धा माळवं असायचं. लागणीनंतर दोन-अडीच महिने ऊस लहान असतो, तेवढ्यात बाया सरीच्या बोदावर मेथी, कोथिंबीर, मुळा टाकायच्या. कडेने मका आणि मक्यावर चढलेली काकडी असायची. भांगलायला गेलेली बाई संध्याकाळी येताना ओट्यात भाजी घेऊनच यायची. मग मजूर मिळेनासे झाले, भांगलण परवडेना, आणि तणनाशक आले. तणनाशकाला तण कोणते आणि मेथी कोणती हे कळत नाही. बोदावरचं माळवं तिथे संपलं.

आज बाजारच्या दिवशी पाहावे. पाच एकर बागायत असलेला ऊसवाला मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करीत उभा असतो. ज्याच्या रानात बारमाही पाणी आहे तो कोरडवाहू गावातून आलेल्या बाईकडून गवार विकत घेतो. त्या बाईचा धंदा व्हावा, त्याला आमची ना नाही. पण पाणी आपल्याकडे असून भाजी तिच्याकडे असावी, यात काहीतरी उलटे झाले आहे.

हिशेब

शेतकऱ्याला हिशेबाशिवाय पटत नाही, आणि ते योग्यच आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. दोन गुंठे म्हणजे एकराचा विसावा हिस्सा. एकरी ४५ टन ऊस धरू, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा चांगलाच. दोन गुंठ्यांत सव्वादोन टन ऊस झाला. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफआरपी ठरवली होती. तीतून तोडणी-वाहतूक वजा होते, म्हणून सोयीसाठी हातात ३,००० रुपये धरू. दोन गुंठ्यांचे ६,७५० रुपये झाले. त्यातून बेणे, खत, पाणीपट्टी, मजुरी जायची आहे, आणि आडसाली असेल तर त्यासाठी सोळा ते अठरा महिने थांबायचे आहे.

आता दुसरी बाजू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहार-मार्गदर्शिका काढली, तिच्यात माणसाने दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात असे सांगितले आहे. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो झाली. आपण दीडच किलो धरू. किलोला सरासरी ४० रुपये भाव धरला, तर दिवसाला ६० आणि वर्षाला २१,९०० रुपये झाले. तुमच्या बाजारचा भाव वेगळा असेल तर तो घालून पाहा. परड्याने सगळी भाजी पुरवावी असेही आम्ही म्हणत नाही. निम्मी पुरवली तरी १०,९५० रुपये घरातून बाहेर जायचे थांबले, आणि तेही रोजच्या रोज.

"आम्ही एवढ्याची भाजी घेतच नाही," असे कुणी म्हणेल. तेच तर दुखणे आहे! भाजी महाग झाली की बटाटा येतो, बटाटा नको झाला की आमटी-भात, आणि तेही नको झाले की पोरांच्या हातात दहा रुपयांचा कुरकुरीत पुडा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. नुसत्या पालेभाजीने ते भरून निघते असा दावा कुणी करू नये, त्याला डॉक्टरही लागतो. पण शेवग्याचा पाला, माठ, पालक आणि लिंबू दाराशी असताना ताटात नसावेत, याला आपण काय म्हणणार?

पैशाबद्दल आणखी एक गोष्ट. उसाचा पैसा हंगामाचा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत रक्कम द्यावी असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात कोणता हंगाम कसा जातो ते सभासद जाणतातच. बिल निघाले की आधी सोसायटीची कपात, मग पाणीपट्टी, मग खताच्या दुकानाची उधारी. उरलेले खात्यावर राहते, आणि खाते बहुधा पुरुषाचे. घरात मीठ-मिरची लागते ती मात्र रोज. त्या रोजच्या गरजेला वर्षातून एक-दोनदा येणारा पैसा कसा पुरणार? म्हणून उधारी होते. माळवं हे रोजचं पीक आहे. दोन किलो वांगी आणि चार जुड्या बाजारात गेल्या तरी संध्याकाळी बाईच्या कनवटीला रोख पैसे असतात, आणि त्यातून कुणी कपात करीत नाही.

बारा महिन्यांचे माळवे

परडं म्हणजे एकदा लावले आणि झाले असे नव्हे. त्याला ऊसशेतीपेक्षा अधिक पंचांग लागते. आमच्या भागात ते साधारण असे चालते.

अक्षय्यतृतीयेला आळी घालायची चाल आहे. कुंपणाच्या कडेला खड्डे घेऊन त्यात शेणखत भरायचे आणि दुधी, दोडका, कारले, भोपळा, वाल यांचे बी टाकायचे. त्याच सुमारास गादीवाफ्यावर मिरची-वांग्याचे तरू टाकले, की मृग पडल्यावर लावणीला रोप तयार होते. सुरू उसाची मोठी बांधणी आणि हे काम एकाच वेळी येते, म्हणून ते राहून जाते. वळवाचा पहिला पाऊस झाला की एक सकाळ परड्यासाठी राखून ठेवावी.

मृगात भेंडी आणि गवार टोकावी. भेंडीला दीड महिन्यात तोडा सुरू होतो. पानांवर शिरा पिवळ्या पडण्याचा रोग पूर्वी फार होता. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' ही जात त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. आषाढ-श्रावणात आडसालीच्या लागणी चालतात, माणसाला मान वर करायला उसंत नसते. तेव्हा परडं आपल्या पायावर उभे असते. माठ आणि तांदळी न पेरता उगवतात, अळू सांडपाण्यावर वाढते, वेलाला काकड्या लोंबतात.

भाद्रपदात ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हाताने खणून पिकवलेलेच खायचे, हा आपल्या आया-आज्यांचा नेम. नुसते व्रत म्हणून त्याकडे पाहू नये. ज्या घरात हाताने खणलेला चार हात वाफा नाही, त्या घरात हा नेम पाळता येत नाही. गौरीच्या जेवणाला कित्येक घरांत सोळा भाज्या लागतात. त्या पूर्वी परड्यात आणि शेजारणीच्या परड्यात मिळून पुऱ्या व्हायच्या. आता सोळा भाज्यांचा तयार वाटा बाजारात मिळतो. कोणता तुकडा कशाचा, हे सुनेलाही सांगता येत नाही.

दसरा झाला की परड्याचा खरा हंगाम. इकडे कारखान्याची मोळी पडायची वेळ, टोळ्या यायला लागतात, गाड्यांची घुंगरं वाजतात. तिकडे मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, लसूण, सगळ्यांना थंडी हवी असते. इथे एक ध्यानात ठेवावे. सगळी मेथी एका दिवशी टाकू नये. महिन्याभरात ती सगळी एकदम येते, चार दिवस खाऊन कंटाळा येतो आणि उरलेली फुलावर जाते. वाफ्याचे तीन भाग करून दहा-दहा दिवसांनी बी टाकावे, म्हणजे महिनाभर ताजी भाजी मिळते. कांद्याचे तरू दिवाळीच्या आगेमागे टाकून डिसेंबर-जानेवारीत लावले तर उन्हाळ्यात वर्षाचा कांदा घरात येतो. साठवणीला निफाडची 'एन-२-४-१' ही जात जुनी आणि खात्रीची आहे. वांग्याला आपली 'मांजरी गोटा' आहेच. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. वांगी, गाजर, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे घाटे, सगळे एकाच भाजीत, वर तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ही भाजी कुण्या वैद्याने लिहून दिलेली नाही. त्या आठवड्यात परड्यात जे जे असते, तेच त्या भांड्यात पडते.

माघ-फाल्गुनात ऊस तुटतो, खोडव्याची कामे निघतात. शेवग्याला शेंगा लागतात. उन्हाळी चवळी, गवार, काकडी याच वेळी टाकायची. पाचट पेटवू नका असे ऊस विकास विभाग सांगतोच. त्यातलेच दोन भारे परड्यात वाफ्यांच्या मधे आणि झाडांच्या बुडाशी अंथरावेत. ओल धरते, तण दबते, पाणी कमी लागते. चैत्र-वैशाखात पाणी तुटते तेव्हा निम्मे वाफे मोकळे तापू द्यावेत, तो जमिनीचा विसावा. घरात तेव्हा कांद्याच्या वेण्या टांगलेल्या, लाल मिरचीची चटणी कुटलेली, सांडगे आणि गवारीच्या शेंगा वाळलेल्या असतात. म्हणजे परडं रिकामं असलं तरी घर रिकामं नसतं.

बी कुणाकडे आहे?

पूर्वी बी विकत आणायचे नसे. पहिल्या बहरातली दोन नामी फळे वेलावरच पिकू द्यायची, त्यांचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचे, आणि शेजारणीशी अदलाबदल करायची. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी नेमके हेच काम केले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी वाल-घेवड्यापासून भातापर्यंत गावरान वाणांचे बी जपले, परसबागा उभ्या केल्या, बी-बँक चालवली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अकोल्याचा डोंगरी भाग आणि आपले बागायती रान यांत अंतर आहे, हे खरे. पण डोंगरावर पावसाच्या पाण्यावर जे जमते, ते विहिरीला मोटर असलेल्या घराला का जमू नये?

अडचणी खऱ्या आहेत

पहिली अडचण पाण्याची. पाटाचे आवर्तन पंधरा-वीस दिवसांनी येते. ऊस तेवढी कळ काढतो, मेथी काढत नाही. वीज रात्रीची असली तर उसाला दारं धरता येतं, पण अंधारात पालेभाजीचा वाफा भिजवणे जमत नाही. म्हणूनच हे दोन गुंठे घराजवळ किंवा विहिरीजवळ हवेत. मोरीचे सांडपाणी केळी-अळवाला सोडावे, बाकीला साधी टाकी आणि ठिबकची एक नळी पुरते.

दुसरी अडचण तणनाशकाची. उसात टू-फोर-डी मारताना वाऱ्यावर उडालेला तुषारही रुंद पानांच्या पिकांना बाधतो. टोमॅटो, वांगी, दोडका यांची पाने पिळवटतात. वारा परड्याकडे असेल त्या दिवशी फवारा मारू नये. आणि तणनाशकाचा पंप परड्याला कधीही वापरू नये, कितीही धुतला तरी. त्याला पंपच वेगळा ठेवावा.

तिसरी अडचण कारखान्याची, आणि तीही आम्ही लपवणार नाही. समजा दहा हजार सभासदांनी दोन-दोन गुंठे ऊस काढला, तर पाचशे एकर ऊस कमी झाला. एकरी ४५ टनाने साडेबावीस हजार टन. दिवसाला २,५०० टन गाळणाऱ्या कारखान्याचे हे नऊ दिवसांचे गाळप आहे. ही रक्कम लहान नाही. पण ज्याचा दोन एकर ऊस आहे, त्याने उरलेल्या रानात एकरी सव्वा टन वाढवला की ही तूट भरून निघते. आणि खोडव्यात नांग्या वेळेवर भरल्या तरी तेवढा ऊस निघतो, हे कोणताही शेतकी मदतनीस सांगेल. ज्या रानात नांग्या तशाच पडल्या आहेत, त्याच्या मालकाने दोन गुंठ्यांसाठी कारखान्याची काळजी करू नये.

चौथी अडचण सगळ्यांत मोठी. "पहिलीच कामं उरकत न्हाईत, आन् ह्ये आणखी कोण बघणार?" असे घरातली बाई विचारील, आणि तिचा प्रश्न खरा आहे. धारा, शेण, स्वयंपाक, भांगलण, पोरांची शाळा, त्यावर हे दोन गुंठे. परडं म्हणजे बाईच्या डोक्यावर आणखी एक पाटी असेल, तर आमचा हा लेख फाडून टाकावा. खणणे, खत वाहणे, कुंपण करणे आणि पाण्याची सोय ही पुरुषांची कामे. पोरांनी शाळेतून आल्यावर अर्धा तास हात लावावा. बाईकडे राहावा तो निर्णय आणि पैसा. शेतकरी संघटनेचे नेते कै. शरद जोशी यांनी १९९१ च्या सुमारास चतुरंग शेतीचा विचार मांडला, त्यात पहिले अंग 'सीताशेती'चे ठेवले होते. जमिनीचा तुकडा बाईच्या हाती द्यावा, तिने आधी घरापुरते आणि घरच्याच साधनांवर पिकवावे, असा तो विचार. त्यांच्या राजकारणाशी कुणाचे पटो न पटो, हा विचार ऊसवाल्याच्या घराला तंतोतंत लागू पडतो. कारण उसात बाईचे कष्ट असतात, पण पावतीवर तिचे नाव नसते.

बाजार बंद पडतो तेव्हा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये महापुराने नदीकाठची गावे वेढली, रस्ते तुटले. २०२० च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद राहिले. त्या दिवसांत खिशातल्या नोटेची भाजी होत नव्हती. पूररेषेतले परडेही पाण्याखाली जाते, म्हणून ते उंचावर, गावठाणाच्या बाजूला असावे. पण ज्यांच्या दारात शेवगा, भोपळा आणि कांद्याची वेणी होती, त्यांनी शेजाऱ्यालाही दिले. असे प्रसंग पुन्हा येणार नाहीत, असे कुणी छातीला हात लावून सांगू शकेल काय?

कारखान्याने काय करावे

संचालक मंडळापुढे आम्ही तीन साध्या सूचना ठेवतो. पहिली, सवलतीची साखर वाटताना प्रत्येक कार्डामागे हंगामी भाजीपाल्याच्या बियाण्याची एक पुडी द्यावी. खर्च साखरेच्या पोत्यामागे नगण्य आहे. दुसरी, ऊसरोपवाटिकेच्या एका कोपऱ्यात शेवगा, लिंबू आणि कढीपत्त्याची रोपे करून ऊस नोंदीच्या वेळी ना नफा तत्त्वावर द्यावीत, आणि प्रेसमडचे कंपोस्ट परड्यासाठी दोन-चार पाट्याही मिळावे. आज ते ट्रॉलीच्या मापानेच मिळते. तिसरी, शेतकी खात्याचे मेळावे होतात त्यात एक मेळावा फक्त परड्याचा असावा, आणि त्यात बोलणारी बाई असावी, ऐकणारे पुरुष.

आणि भगिनींना एक सुचवतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या वाण म्हणून लुटण्याऐवजी यंदा घरचे बी लुटा. एका कागदात दहा बिया दोडक्याच्या, दुसऱ्यात वालाच्या. डबी कपाटात जाते. बी अक्षय्यतृतीयेला आळ्यात जाईल, आणि श्रावणात त्याची भाजी वाण देणारीच्या घरीही परत येईल.

ऊस आपल्याला वर्षाचा पैसा देतो, तो लावत राहावाच. पण रोजच्या ताटाची जबाबदारी उसावर टाकू नये, ते त्याचे काम नाही. पुढच्या लागणीला सरी पाडताना ट्रॅक्टरवाल्याला घराजवळच्या दोन गुंठ्यांपाशी थांबवा. तेवढा तुकडा तसाच राहू द्या, आणि त्यावर काय लावायचे ते घरात जाऊन विचारा.